लिफ्टशेजारची होडी

मित्रांनो, होडी म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर पाणी येतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र बारा महिने मोटारींची टपं असतात. महाडच्या संगम सहनिवासात, पार्किंगच्या छताला चार कड्यांत टांगलेली मी एक जुनी होडी आहे. माझ्या खाली तीन नंबरची गाडी, वर पहिल्या मजल्याची फरशी आणि समोर, अगदी सहा हातांवर, ती. तिचं नाव घ्यायला मला अजून जड जातं. पण गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागणार. ती म्हणजे लिफ्ट.

आधी माझं सांगते. तिचं सांगायला अख्खी इमारत बसली आहे.

माझा जन्म दासगावचा. सावित्रीच्या काठाला हैबती नावाचा एक कारागीर राहायचा. उमेदीची वर्षं त्याने तरीवर काढली होती, माणसं या काठावरून त्या काठाला नेत. पुढे पूल झाले, तरीचं काम बंद पडलं, आणि हा वल्हं सोडून, लाकूड तासायचा वाकस हातात धरून होड्या घडवत बसला. माझ्या फळ्या सागाच्या, कणा ऐनाच्या लाकडाचा. एकेक फळी तो बोटाच्या पेराने वाजवून घ्यायचा, आपण बाजारात नारळ वाजवतो तशी. जी फळी बद्द बोलली ती चुलीत गेली. मी सगळी खणखणीत बोलणारी होते, हे मी आज या वयातही सांगते, कारण माझ्यासाठी ते दुसरं कोणी सांगत नाही.

आता मला विकत घेतलं कोणी, तर एका इमारतीने. संगम सहनिवासाला तळमजला आणि वर चार मजले. नदी जवळ. एका पावसाळ्यात तळमजल्याच्या चारही घरांत माळ्यापर्यंत पाणी चढलं, तेव्हा इथल्या लोकांनी सभा भरवली आणि ठरवलं की वर्षाच्या वर्गणीतून एक होडी घ्यायची. गावात हसू झालं. लोक म्हणाले, दुसऱ्या इमारती गेट बांधतात, ही इमारत बंदर बांधतेय.

वर्गणी म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत असेल. नसेल तर आईच्या पर्समधली घडी घातलेली पावती बघा. इमारतीतल्या वीसही घरांनी वर्षातून एकदा ठरलेले पैसे द्यायचे. त्यातून जिन्यातले दिवे लागतात, गच्चीवरची टाकी धुतली जाते, पंपाचं पोट दुखलं तर त्याला डॉक्टर मिळतो, झाडणाऱ्या बाईंचा पगार होतो. आणि यादीच्या अगदी तळाला, ‘किरकोळ’च्याही खाली, एक ओळ असते: होडी, डांबर व कापूस. ती ओळ म्हणजे मी.

दर वैशाखात हैबती दासगावहून यायचा. चार जण मला कड्यांतून सोडवून अंगणात उपडी घालायचे. मग तो माझ्या अंगाशी कान लावून फळीफळीवर टकटक करायचा. फटींत कापूस ठासायचा, वर राळ, आणि शेवटी डांबराचा हात. सगळं वाळलं की मला उताणी करून माझ्या पोटात दोन बादल्या पाणी ओतायचा आणि शेजारी विडी ओढत बसायचा. विडी संपेपर्यंत बाहेर थेंब आला नाही, तर मी पास.

“होडी आतून भरून बघायची असती,” तो म्हणायचा. “भायेरनं काय, सगळ्याच बऱ्या दिसतात.”

मी वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघायचे. गणपतीची वाट तुम्ही बघता तशीच.

मग तो मोठा पूर आला. तुमच्यातल्या थोरल्यांना तो आठवत असेल. गाड्यांची टपं पाण्याखाली गेली आणि मी आपोआप, कुणी न सोडवता, कड्यांतून अर्धी वर आले. दोन दिवस मी या अंगणात नदीसारख्या पाण्यातून फिरले. तळमजल्यावर एक रंगूबाई राहतात, तांदळाचे पापड करून विकणाऱ्या. त्यांना मी त्यांच्याच खिडकीतून उचललं आणि जिन्याच्या पायऱ्यांना नेऊन लावलं. त्यांनी एका हाताने माझी कड धरली होती आणि दुसऱ्या हाताने पापडांचा डबा. शेजारच्या बैठ्या घरांतली माणसं आणली, दूध आणलं, एका म्हाताऱ्याच्या साखरेच्या गोळ्या आणल्या.

पाणी ओसरल्यावर माझे काय लाड झाले म्हणून सांगू. नारळी पौर्णिमेला मला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि नारळ. स्वातंत्र्यदिनी झेंड्याच्या शेजारी मला उभी केली. संस्थेच्या सचिव विनोदिनीबाई, हिशेबाला कडक आणि जिभेला त्याहून कडक, त्या भाषणात म्हणाल्या, “आपल्या वर्गणीतला सगळ्यांत कमी खर्च हिच्यावर, आणि सगळ्यांत जास्त परतावा हिचाच.” मी ते वाक्य जपून ठेवलं आहे. पुढे मला त्याची फार गरज लागली.

त्या पुरात हैबतीचं दासगावचं घरही चिखलाने भरलं. त्याच्या मुलाने, शुभमने, कर्ज काढून आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर जागा घेतली. “आता पाण्याशी संबंधच नको,” असं तो म्हणाला. मी छताला टांगलेली असूनही हवेत तरंगले. ज्याने मला घडवलं तो आता कायमचा माझ्या डोक्यावर राहणार. वैशाखाची वाट बघायला नको, रोज दिसेल.

पण हैबतीचे गुडघे गेले होते. चौथ्या मजल्याला बहात्तर पायऱ्या. तो वर गेला तो वरच राहिला. मग वरच्या मजल्यांनी सभेत मागणी केली, आणि दोन वर्षांची वर्गणी वाढवून, साठलेल्या निधीत भर घालून, ती आली.

मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

तिला मुळी करायचं काय असतं? दोरीला टांगून घ्यायचं आणि वर खाली करायचं. टांगलेली तर मीही आहे. पण तिच्यासाठी फीत कापली. तिच्यासाठी नारळ फोडला, तो नारळ खरं तर माझ्या पौर्णिमेसाठी आणलेला होता, मी स्वतः पिशवीतून डोकावताना पाहिला होता. तिच्या पोटात दिवा, दिवसासुद्धा. पंखा. आणि तिला बोलता येतं, तेही हिंदीत. “दरवाज़ा बंद हो रहा है.” दिवसातून शंभर वेळा. मला बोलता येत असतं तर मी एकदाच बोलले असते, पण काहीतरी कामाचं बोलले असते.

सगळ्यांत वाईट म्हणजे तिच्या आत, समोरच्या भिंतीला, एक आरसा आहे. तिचं दार उघडलं की त्यात मी दिसते. माझं काळं पोट, उडालेलं डांबर, कडेला कुणीतरी वाळत घातलेलं पोतेरं. लोक त्याच आरशात केस सारखे करतात. दर वेळी दार उघडायचं, मला माझं रूप दाखवायचं आणि बंद व्हायचं. हे ती मुद्दाम करते, असं मला वाटायचं.

आणि यादीत? ‘लिफ्ट, वार्षिक देखभाल करार’ ही ओळ थेट पहिल्या क्रमांकाला. ठळक अक्षरात. मी तिथेच, किरकोळच्या खाली.

एवढंही मी गिळलं असतं. पण एके सकाळी तिचं दार उघडलं आणि हैबती बाहेर आला. कित्येक महिन्यांनी. हातात काठी, अंगात धुतलेली बंडी. मला वाटलं, आता माझ्याकडे येईल, टकटक करेल. तो आधी मागे वळला, तिच्या दाराच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाला, “जपून जा गो बाय.”

मला त्याने वीस वर्षांत कधी बाय म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात एकच जप करायला लागले. अडकू दे. एकदा तरी अडकू दे.

जप करणारी मी एकटी नव्हते, हे पुढे कळलं. पुढल्या वार्षिक सभेला, भाद्रपदात, वीस घरांची माणसं खुर्च्या घेऊन माझ्याच पोटाखाली बसली. विनोदिनीबाईंनी येत्या वर्षाची वर्गणी वाचून दाखवली. पहिली ओळ संपते न संपते तोच रंगूबाई उठल्या.

“मी तळाला ऱ्हाते,” त्या म्हणाल्या. “घराच्या उंबऱ्यावरून अंगणात पाय ठेवते. मला लिफ्ट कशाला? स्वर्गात जायची घाई नाय मला. मी नाय देणार लिफ्टचे.”

मी वरून त्यांना आशीर्वाद दिला.

मग तिसऱ्या मजल्यावरचे सुहास उठले. हे मुंबईत पंधरा वर्षं काढून परत आलेले. पार्किंगची तीन नंबरची जागा त्यांची, आणि नव्या मोठ्या गाडीचं टप माझ्या कण्याला घासतं म्हणून त्यांचा माझ्यावर राग.

“मग आम्ही होडीचे का भरायचे?” ते म्हणाले. “तिसऱ्या माळ्यावर पाणी येणार असेल, तर तोवर महाडच राहणार नाही. सिंपल आहे. आणि पाचाडला माझ्या ओळखीचा एक हॉटेलवाला आहे, किल्ला बघायला पब्लिक येतं त्याच्याकडे. त्याला बाहेर शोला होडी पाहिजे. त्यात कुंड्या ठेवणार. चांगलं डील आहे.”

कुंड्या. माझ्या पोटात कुंड्या. रंगूबाईंनी खुर्ची मागे सरकवली.

“तुझ्या गाडीत ठेव कुंड्या,” त्या म्हणाल्या. “शोभल.”

अर्धा तास हेच चाललं. तळमजला होडीचा, वरचे मजले लिफ्टचे. शेवटी थकून जाऊन त्यांनी एक ठराव केला, आणि अशी चूक फक्त आमच्या इमारतीलाच सुचू शकते. ज्याचं त्याने भरावं. तळमजल्याने होडीचे भरायचे, वरच्यांनी लिफ्टचे. भांडण मिटलं म्हणून टाळ्या झाल्या. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या चार घरांनी शांतपणे सांगितलं की एक मजला आम्ही चालत चढतो आणि पाणी आमच्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा आम्ही दोन्हीचे भरत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही आपले पाय एकाएकी मजबूत वाटायला लागले.

विनोदिनीबाईंनी चष्मा काढून पुसला. “तिकडे गच्चीवरच्या टाकीचं काय करू?” त्यांनी विचारलं. “ज्याने ज्या तांब्याने पाणी घेतलं, त्याने तेवढीच टाकी धुवायची का?”

हैबती कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो एवढंच म्हणाला, “माझे दोन्हीचे मांडा बाय. हिचे नि तिचे.” चौथ्या मजल्यावरचा माणूस, आणि होडीचे पैसे भरतो म्हणाला. मी ‘हिचे’ तेवढं ऐकलं. ‘नि तिचे’ मी कानाआड केलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. पाच मजल्यांचा खर्च दोन मजल्यांना झेपेना. लिफ्टच्या कराराचं नूतनीकरण राहिलं. माघात एका दुपारी ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे घरघरली, थबकली आणि गप्प झाली. आत हैबतीची सून स्नेहल होती, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. तिला बाहेर काढायला तास गेला. दुरुस्तीवाले म्हणाले, करार नाही, आधी मागचे भरा, मग माणूस पाठवतो.

मित्रांनो, तुम्ही मला वाईट म्हणा, पण माझ्या फळ्या आनंदाने करकरल्या. सकाळी उठावं तर ‘दरवाज़ा बंद हो रहा है’ नाही. दिवा नाही. आरसा नाही. पार्किंगमध्ये मी एकटी राणी. चार दिवस मी तशी राणी होते.

तिकडे तळमजल्याच्या हातात चार घरांची वर्गणी जमली होती, आणि ती सगळी माझी. इतके पैसे माझ्या नशिबी कधी आले नव्हते. रंगूबाईंनी चैत्र संपायच्या आत एक रंगारी बोलावला. त्याने मला निळा रंग दिला, आकाशासारखा. कडेने पांढरा पट्टा. नाकावर दोन डोळे काढले, पापण्यांसकट. एवढी नटले मी. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? आता उघड म्हणावं दार, दाखव म्हणावं आरसा.

पण दार उघडणार कसं? ती तिकडे वर अंधारात अडकलेली आणि आरसाही तिच्याबरोबर वर. मी जन्मात एकदा सुंदर झाले, आणि मला माझं रूप दाखवणारं कुणी नव्हतं.

वैशाख लागला. ऊन तापलं. मी अंगणात ठेवलेली होते, रंग वाळावा म्हणून, आणि मी वाट बघत होते. अजून टकटक व्हायची होती. रंग झाला म्हणून काय झालं, हैबती येईल, कान लावेल. दोन दिवस गेले, आठ गेले. माझ्या फळ्या सुकून आत ओढल्या जात होत्या आणि रंगाखाली फटी उघडत होत्या, हे मला आतून कळत होतं. बाहेरून मी नवरीसारखी होते.

तो का येत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. सांगायला लाज वाटते. तो कशाने यायचा माझ्याकडे? तिच्यातून. दुसरा रस्ता त्याला नव्हताच. मी तिच्या वाईटाचा जप केला आणि त्याची वाट बंद केली.

एका सकाळी रंगूबाई पापड वाळत घालत होत्या. वरून हाक आली. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून हैबती वाकून बघत होता.

“रंगूबाय, नटवलीस खरी. पन तिला पानी पाजलंस काय?”

“कसलं पानी? रंग निघल ना.”

“निघू दे. दोन बादल्या ओत नि बघ. माझी विडी संपंपर्यंत.”

रंगूबाईंनी दोन बादल्या ओतल्या. हैबतीने वर विडी पेटवली. तिचे दोन झुरकेही झाले नसतील, तोवर माझ्या पांढऱ्या पट्ट्याखालून धार लागली. मग दुसरीकडून. मग सगळीकडूनच. निळा रंग फुगून फोड आल्यासारखा उचलला गेला, पाणी अंगणभर पसरलं आणि पापडांच्या चटईखाली गेलं. गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. माझ्या पापण्यांवाल्या डोळ्यांखालूनही थेंब गळत होते, आणि ते पाणीच होतं असं मी लोकांना वाटू दिलं.

सुहास स्कूटर काढत होते. त्यांनी मला एकवार पाहिलं. “कुंड्यांना बेस्ट,” ते म्हणाले. “खालून पाणी आपोआप निघून जाईल.”

रंगूबाईंनी बादली उपडी ठेवली. पावसाला तीन आठवडे राहिले होते. त्यांच्या घराच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, त्या पुराची चिखलाची रेघ अजून आहे. त्यांनी ती मुद्दाम पुसलेली नाही. त्यांनी एकदा त्या रेघेकडे पाहिलं, पदर खोचला आणि बहात्तर पायऱ्या चढायला लागल्या. त्याही काही तरण्या नव्हेत.

वर काय झालं, ते मी स्नेहलच्या तोंडून ऐकलं. तिने नंतर विनोदिनीबाईंना माझ्याजवळ उभं राहून सगळं सांगितलं.

रंगूबाई दारातच जमिनीवर बसल्या, दम खात. स्नेहलने पाणी दिलं. हैबती खिडकीशी खुर्चीत बसला होता. तीन महिन्यांत त्याने अंगणाची माती पायाला लावली नव्हती. डांबराचा डबा, कापसाचं गाठोडं, राळेची पुरचुंडी, सगळं त्याने दाराशी मांडून ठेवलं होतं. कधीपासून, तर लिफ्ट बंद पडली तेव्हापासून.

“चल रे दादा,” रंगूबाई म्हणाल्या. “पोरांना सांगते, खुर्चीसकट उचलून खाली न्हेतील.”

“न्हेतील गो. आनतील पन. आज न्हेतील, उद्या न्हेतील. फटी भरायला आठ दिस लागतात. रोज चार गडी कुठून आनशील?”

“मग तिला वर आनू काय?”

“जिन्यातनं वळल ती?” हैबतीने विचारलं, आणि दोघंही हसले. मग तो म्हणाला, “मला कोनी काय बोलंल तर चालंल. ती फुटकी ऱ्हायली नि पानी आलं, तर मला वर बसून बघावं लागंल. ते मला सोसनार नाय.”

रंगूबाईंनी तांब्या खाली ठेवला. “मी सभेत म्हनले, मला लिफ्ट कशाला,” त्या म्हणाल्या. “आता कळलं कशाला.”

“मला कळलंच नव्हतं असं नाय,” हैबती म्हणाला. “पन मी बोललो असतो, तर तू म्हनली असतीस, म्हाताऱ्याला आपल्या गुडघ्यांचं पडलंय.”

“म्हनलेच असते,” रंगूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी विनोदिनीबाईंच्या दारावर थाप पडली. रंगूबाईंनी पापडांच्या डब्यातून काढलेल्या नोटा, हळदीचा वास येणाऱ्या, त्यांच्या हातात ठेवल्या. “लिफ्टचे,” त्या म्हणाल्या. “मी बसनार नाय तिच्यात. हैबतीदादाला खाली आनायला देते.”

विनोदिनीबाईंनी पावती फाडली आणि मग त्या स्वतः वीस दारं फिरल्या. पहिल्या मजल्यावर त्यांनी म्हणे एवढंच विचारलं, “तुमच्या दारावरून चौथ्या मजल्यावरचा गॅस कोण वर नेतं, जिना की लिफ्ट? तीन महिने तो सिलिंडर तुमच्या जिन्यावर आपटतोय, झोप लागते का?” पहिल्या मजल्याने भरले. दुसऱ्यानेही. सुहास लिफ्टचे भरतच होते, होडीचे मागायला मात्र त्यांच्याकडे बसावं लागलं. त्यांनी चहा केला.

“मॅडम, त्या होडीचा माझा काय संबंध?” सुहास म्हणाले. “आजवर एकदा तरी मला तिचा उपयोग झालाय?”

“तुमची आई त्या पुरात खाली रंगूबाईंकडे बसली होती ना, पापड लाटायला? घरी कशी आली?”

सुहास तेव्हा मुंबईत होते. फोन लागत नव्हते. त्यांना आईने कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आतल्या खोलीतून त्यांच्या आईचा आवाज आला, “होडीतनंच आले रे. जिन्यापर्यंत. भर पैसे.”

आठ दिवसांत दुरुस्तीवाले आले. दोन दिवस साखळ्या वाजल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा हातांवर दिवा लागला आणि तो हिंदी आवाज पार्किंगमध्ये घुमला. तो ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करायला मला आणखी चार दिवस लागले.

दार उघडलं. हैबती बाहेर आला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात डांबराचा डबा. पाठोपाठ स्नेहल, गाठोडं घेऊन. आणि त्यांच्या मागे आरशात मी, निळी, फोड आलेली, एक डोळा गळालेला. इतकी विद्रूप मी पोतेऱ्याच्या दिवसांतही नव्हते.

“काय हाल केलेत गो पोरी तुझे,” तो मला म्हणाला.

पोरी. लिफ्ट बाय, मी पोरी. पोर आपली असते, बाय कुणाचीही. मी हे मनात लिहून ठेवलं.

त्याने सगळा निळा रंग खरवडून काढला. आठ दिवस तो सकाळी तिच्यातून उतरायचा आणि जेवायच्या वेळेला तिच्यातून वर जायचा. सुहास सुट्टीच्या दिवशी खाली येऊन बसले, आणि हैबतीने त्यांच्या हातात कापूस दिला. “मुंबईत शिकलास ते ऱ्हाऊ दे. हे ठास,” तो म्हणाला. सुहासांनी ठासला. थोडा वाकडाच, पण ठासला. नवव्या दिवशी दोन बादल्या पाणी. हैबतीने विडी पेटवली, ओढली, विझवली. रंगूबाई माझ्या पोटाखाली कोरडा हात फिरवून बघत होत्या. हात कोरडाच राहिला.

भाद्रपदापर्यंत थांबायलाही त्यांना धीर नव्हता. जाता जाता अंगणातच सभा झाली आणि जुना ठराव रद्द झाला. वीस घरं, एक वर्गणी, सगळ्या गोष्टींसाठी. यादी अजूनही लिफ्टने सुरू होते. माझी ओळ मात्र विनोदिनीबाईंनी किरकोळच्या वर घेतली. मी याला प्रगती समजते.

मित्रांनो, तुमच्याही इमारतीत वर्षातून एकदा दाराखालून एक कागद सरकत येत असेल. घरचे तो वाचून म्हणतील, हे आपण वापरत नाही, ते आपल्या कामाचं नाही. तेव्हा त्यांना एवढं विचारा, की जे आपण वापरत नाही, त्यातून आपल्याकडे कोण येतं? मी ते विचारलं नव्हतं. माझ्या फटींत त्याची किंमत भरून आहे, वर डांबर आहे म्हणून दिसत नाही.

या आषाढात सकाळी दहाच्या सुमारास नगरपालिकेचा भोंगा वाजला. नदी वाढत होती. गाड्या उंचावर नेल्या गेल्या. सुहासांनी आणि शुभमने मला कड्यांतून सोडवून पायऱ्यांशी बांधलं, वल्हं आत ठेवलं. आता लिफ्टची वीज तोडायची होती, त्याआधी तिला वरच्या मजल्यावर नेऊन थांबवतात, खाली पाणी शिरलं तरी ती कोरडी राहावी म्हणून. तिची ती शेवटची फेरी होती.

रंगूबाई आपल्या दारात उभ्या होत्या. पत्र्याची पेटी, पापडांचा डबा, शेगडी. स्नेहल वरून त्यांना न्यायला आली होती.

“मी बसनार नाय म्हनले होते तिच्यात,” रंगूबाई पुटपुटल्या.

“मग बहात्तर पायऱ्या आहेत, मावशी,” स्नेहल म्हणाली. “पेटी मी घेऊ की तुम्ही?”

रंगूबाई लिफ्टच्या आत गेल्या. पेटीवर बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि भिंतीला घट्ट धरून राहिल्या, त्या दिवशी माझी कड धरली होती तशाच. त्यांच्या डोक्यामागे आरशात मी दिसत होते. काळी, नितळ, ओल्या उजेडात चमकणारी. क्षणभर मला वाटलं, तिने दार मुद्दाम जरा जास्त वेळ उघडं ठेवलं आहे.

अंगणातून पहिलं गढूळ पाणी माझ्या कण्याखाली शिरलं. ती म्हणाली, “दरवाज़ा बंद हो रहा है.”

जपून जा गो बाय, मी म्हटलं.